जिन्यातलं चपलांचं स्टँड: तुम्ही विचारलंत म्हणून

"जिन्यात चपलांचं स्टँड ठेवलं तर एवढं काय बिघडतं हो?" लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारलं जातं. जुळे सोलापुरातल्या आमच्या सात मजली इमारतीचा मी सेक्रेटरी. आता एकदा नीट सांगतो.

जिना मोकळा ठेवायचा कायदा मी काढलेला नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा आहे. इमारतीतली आगीपासून बचावाची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो. ती चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावा लागतो. बिल्डर केव्हाच मोकळा झाला, आता मालक आपणच. "माझ्या दारापुढची जागा माझी" म्हणणाऱ्यांनी आपलं खरेदीखत काढून बघावं. जिना कुणाच्याच नावावर नाही.

पण खरं सांगायचं तर मी कायद्यासाठी भांडत नाही. त्या रात्रीसाठी भांडतो.

भर उन्हाळा, घरोघरी एसी-कूलर चालू. पार्किंगमधल्या मीटर बोर्डात शॉर्ट सर्किट झालं. जळालं किती? काही मीटर आणि शेजारी लावलेली एक स्कूटर. पण त्या सीटचा काळा धूर जिन्यात शिरला आणि जिन्यानं तो गिरणीच्या धुराड्यासारखा वर ओढला. लाईट गेलेली. खालून धूर येतोय म्हणून लोक वर पळाले, तर गच्चीला कुलूप. किल्ली कुणाकडे, ते त्या क्षणी कुणाला आठवेना. मग सगळे उलटे फिरले. वर येणारे आणि खाली उतरणारे पाचव्या मजल्याच्या वळणावर एकमेकांवर आले. तिथं एक पाण्याचा ड्रम, एक सायकल आणि चपलांचं स्टँड. आमच्या इमारतीतल्या एक आजी तिथंच अडखळून पडल्या. मी मागेच होतो. मोबाइलची बॅटरी लावली तरी हातभरापलीकडचं दिसत नव्हतं. आजी ओरडल्या नाहीत. "कुणाचं ठेवलंय हे मधे?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. कुणी उत्तर दिलं नाही. खुबा मोडला होता.

अग्निशमनवाल्यांनी खालची आग लगेच विझवली. म्हणूनच आज सगळे म्हणतात, "आग कुठं मोठी होती? आजी पडल्या, बस्स." याचाच मला राग आहे. आगीनं आजींना हातही लावला नाही, आपल्या सामानानं पाडलं. तेव्हापासून त्या आधाराशिवाय चाललेल्या नाहीत.

१८ मे २०२५ला आपल्याच सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. मालकाचं कुटुंब आणि कामगार तिथंच राहत होते. त्यानंतरच्या सभेत जिना मोकळा ठेवायच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. पुढच्याच महिन्यात स्टँडं परत जिन्यात आली.

सेक्रेटरी होण्याआधी मीही म्हणायचो, शेजाऱ्याचं मन मोडून नियम कसले पाळायचे? ते म्हणणं मला आजही अगदी खोटं वाटत नाही. नोटीस लावली की लोक बोलायचं टाकतात, आणि रात्री-अपरात्री दार उघडायला शेजारीच लागतो. तरी गच्चीला आता नुसती कडी आहे, कुलूप नाही. चोरीची भीती दाखवून कितीही भांडलात तरी ते परत लागणार नाही. टंचाईत आग विझवायला राखलेल्या टाकीतलं पाणी सोडा म्हणता, तेही सोडणार नाही.

ड्रमचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, माणसानं साठवायचं कुठं? तिसऱ्या मजल्यावरच्या आक्कांच्या घरात सात माणसं, बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही. त्यांना काय सांगावं, मला अजून सुचलेलं नाही. पण तुमच्या घरात जागा असताना चपला जिन्यात ठेवायच्या आणि आक्कांच्या ड्रमकडे बोट दाखवायचं, हे माझ्यासमोर करू नका.