नाकाच्या शेंड्यापासून

जेवणानंतर पाच मिनिटं म्हणून फोन हातात घेतला आणि क्लोद मेलां या फ्रेंच कोरीवकाराच्या एका चित्रापाशी अडकले. १६४९ मधलं एनग्रेव्हिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूचा चेहरा, व्हेरोनिकाच्या कापडावर उमटलेला. लांबून पाहिलं तर साधंच. मोठं करत करत नाकाच्या शेंड्यापर्यंत गेलं की कळतं, अख्खा चेहरा एका रेघेचा आहे! शेंड्यावर सुरू होते आणि गोल गोल फिरत बाहेर जाते. चकलीच. (चकली मधूनच सुरू करायची असते. बाहेरून आत जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.) सावलीत रेघ जाड, उजेडात बारीक. डोळे, दाढी, कपाळावरचं रक्त, सगळं तेवढ्यावर. खाली लॅटिनमध्ये कोरलंय, ‘एकमेव, एकीनेच घडलेला’. एवढं केल्यावर माणसानं थोडं मिरवलं तर चालतं.

ही व्हेरोनिका बायबलमध्ये नाहीच. क्रूस वाहणाऱ्या येशूचा घाम तिनं पुसला आणि कापडावर चेहरा उमटला, ही मागाहूनची दंतकथा. ‘व्हेरा आयकॉन’ म्हणजे खरी प्रतिमा, त्यावरून तिचं नाव, असं लोक सांगतात. भाषेचे जाणकार मान हलवतात, म्हणतात नाव बेरेनिके या ग्रीक नावावरून आलंय. मला लोकांचं आवडतं.

तांब्याच्या पत्र्यावर गोल रेघ कोरताना हात फारसा फिरवत नाहीत म्हणे. पत्रा चामड्याच्या उशीवर ठेवतात आणि कोरणीखाली तोच फिरवतात. हे वाचलं आणि एकदम आजीच्या ओसरीवर जाऊन पोचले. मामाचं लग्न ठरलेलं, भांड्यांवर नावं घालणारा आलेला. पायांच्या बेचक्यात फडकं, फडक्यावर तांब्या. छिन्नी जागच्या जागी, हातोडी टक् टक् टक्, आणि तांब्या हळूहळू वळतोय. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर. मी इतकी जवळ बसलेली की त्यानं दोनदा मागे सरकवलं.

“काका, चुकलं तर?”

“चुकत नाही.”

आजीच्या नावातली वेलांटी चुकली. दीर्घ हवी होती, ऱ्हस्व पडली, अक्षराच्या भलत्याच बाजूला. छापायचा पत्रा असता तर सगळंच उलटं कोरायचं असतं, तिथे ती कदाचित बरोबर ठरली असती. मामी होणारी होती तिच्या माहेरचे काय म्हणतील म्हणून आईचा जीव खालीवर. आजी म्हणाली, “पाणी काय शुद्धलेखन बघून पितात?”

तो तांब्या आता माझ्याकडे आहे.

मेलांच्या त्या रेघेवरून मी नेहमी बोट फिरवत जाते, कुठे तुटलीय का बघायला. दर वेळी डोळ्यापाशी वेढा हुकतो. आजही हुकला. परत नाकावर.

छापून छापून तांब्याचे पत्रेही झिजतात, बारीक रेघा आधी जातात. आमच्या तांब्याला छपाई नाही, पण चिंच आहे. परवा घासताना पाहिलं, आजीचं नाव जवळजवळ गेलंय. त्या वेलांटीवर त्यानं जरा जोरात हाणलं असावं. तेवढी अजून बोटाला लागते.