बल्ब कडक, तरीही इंजिन उपाशी

वर्सोवा कोळीवाड्यातल्या एका नाखव्याचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात वैतागापेक्षा भीती जास्त होती. होडीवरचं ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, किनाऱ्याला छान चालायचं. खाडीच्या तोंडाबाहेर पडून रेस वाढवली की थोड्या वेळात दम सोडायचं. आदल्या संध्याकाळी ते मढच्या बाजूला बंद पडलं. ओहोटी होडीला बाहेर ओढत होती. खलाशांनी वल्ही मारून तिला उथळ पाण्यात आणलं आणि नांगर टाकला. "मिस्त्री, कार्बोरेटर साफ करून झाला, प्लग नवे टाकले, बल्बपण नवा आहे. आता काय इंजिनच विकू?" बल्ब म्हणजे टाकीतून इंजिनकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या पाइपमधला, हाताने दाबायचा रबरी फुगा.

मी पोचलो तेव्हा होडी चिखलात टेकलेली होती. इंजिन जुनं, ४० हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारीबंदीत ते उतरवून घरी ठेवलेलं, पण टाकी आणि पाइप पेट्रोलसकट तसेच पडून होते. आधीच्या कारागिराने कार्बोरेटर खरंच स्वच्छ केला होता, त्यात खोट नव्हती. नाखव्याने ड्रममध्ये पाणी भरून इंजिन चालवून दाखवलं. एका खेचीत सुरू झालं आणि मंद रेसवर सुरेख गुणगुणत राहिलं.

ड्रममधल्या या चाचणीवर माझा विश्वास नाही. मंद रेसवर इंजिनला पेट्रोल लागतंच किती? अर्धवट तुंबलेल्या पाइपमधूनही तेवढं सहज येतं. बिघाड पाहायचा तर पाण्यावर, होडीत माणसं घेऊन, पूर्ण रेसवर पाहायला हवा. म्हणून भरतीची वाट पाहायचं ठरलं.

तोवर टाकीपासून सुरुवात केली. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल येणं थांबतं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. टाकीतल्या नळीची जाळी साफ होती. पारदर्शक बाटलीत पेट्रोल काढून उभं ठेवलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात पाणी जास्त शिरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात. इथे थर नव्हता. पाइप इंजिनला जोडणाऱ्या कनेक्टरमधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, मऊ होती, क्लिपा घट्ट होत्या. ओ-रिंग आणि क्लिपा मी नेहमी हाताने तपासतो, कारण पाइप जिथून हवा ओढतो तिथून पेट्रोल ठिबकेलच असं नाही.

मग बल्ब. त्यावरचा बाण इंजिनकडे ठेवून, बल्ब उभा धरून दाबला, काही दाबांत कडक झाला. "बघ, म्हणजे लाइन बरोबर आहे ना?" नाखवा म्हणाला. असं सगळेच धरून चालतात, आणि गाडी इथेच चुकीच्या वाटेला लागते. बल्बात दोन वॉल्व्ह असतात, पेट्रोल एकाच दिशेला जाऊ देणारे. कार्बोरेटरची वाटी भरली की फ्लोटची सुई वाट बंद करते, म्हणून बल्ब कडक लागतो. हाताने ढकललेलं पेट्रोल तिथवर पोचलं, एवढंच त्यातून कळतं. चालत्या इंजिनला मात्र कोणी ढकलून देत नाही, त्याला पेट्रोल ओढून घ्यावं लागतं. पिस्टनच्या हालचालीने त्याच्या खालच्या बंद पोकळीतला, म्हणजे क्रँककेसमधला दाब कमीजास्त होतो, त्यावर पंपातला पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल खेचतो. ही ओढ फार जोरकस नसते.

दुपारी होडी तरंगली. नाखव्याचा मुलगा सुकाणूला बसला, मी टाकीजवळ बल्ब हातात धरून. किनाऱ्यापासून फार लांब जायचं नाही आणि वल्ही हाताशी ठेवायची, हे आधीच सांगितलं. पूर्ण रेस दिली. काही मिनिटं होडी मस्त पळाली, मग आवाज पातळ झाला आणि वेग पडला. त्या क्षणी मी इंजिनकडे पाहिलंच नाही, बोटांखालचा बल्ब चाचपला. तो चपटा झालेला नव्हता, भरलेला होता. दाबला, तर इंजिनने लगेच उचल घेतली. सोडला, की पुन्हा खाली.

बल्ब चपटा झाला असता तर अडथळा बल्बाच्या आधी, म्हणजे टाकीच्या बाजूला धरला असता. इथे बल्बापर्यंत पेट्रोल येत होतं आणि पुढे अडत होतं. पुढे उरतो पाइपचा तुकडा, कनेक्टर आणि पंप. पंपाचा पडदा फाटला तरी दाबल्यावर इंजिन असंच उचल घेतं, म्हणून मी माझी टाकी पाइपसकट बरोबर नेली होती. ती जोडली. इंजिन पूर्ण रेसवर अजिबात न डगमगता चाललं. पंप आणि कनेक्टरची इंजिनाकडची बाजू निर्दोष ठरली.

किनाऱ्यावर पाइप सोडवून रिकामा केला. बल्बाच्या टोकाने मोठ्या सिरिंजने हवा ढकलली, सहज गेली. इंजिनाच्या टोकाने हवा ओढली, तर दट्ट्या अडकला. पाइप उभा चिरला. बाहेरचं रबर चकचकीत, पण आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. ढकलल्यावर ते भिंतीला चिकटायचं आणि ओढल्यावर वाट बंद करायचं. बल्ब नवा टाकताना पाइप जुनाच ठेवला होता. हात लागतो तो बल्ब, म्हणून लोक तोच बदलतात. पाइप बाहेरून धड दिसतो, म्हणून राहून जातो.

नाखव्याला मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. अशा जुन्या टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं, त्यातूनच येतं. पूर्ण रेसवर पेट्रोल तुटलं की पिस्टनला ऑइलही कमी पडतं, आणि तो सिलिंडरमध्ये जाम झाला तर इंजिन खोलण्याशिवाय उपाय नाही. बल्ब दाबत दाबत घरी येता येतं, पण तसं रोज चालवू नका, नाखवा.

दारूखान्यातून, म्हणजे मुंबईतल्या जहाजांच्या सामानाच्या बाजारातून, आणून ठेवलेला, इथेनॉलला टिकणारा मरीन पाइप माझ्याकडे होता. तो टाकला, स्टीलच्या नव्या क्लिपा आवळल्या. भरती उतरायच्या आत होडी खाडीच्या तोंडापर्यंत पूर्ण रेसवर जाऊन आली. मुलाने रेस कमी करायला नकार दिला, शेवटी बापाने ओरडून परत फिरवलं. जास्तीचा एक पाइप बल्बासकट होडीत ठेवायचा, आणि पुढच्या बंदीआधी टाकी रिकामी करून कनेक्टर काढायचा आणि इंजिन बंद पडेपर्यंत आतलं पेट्रोल संपवायचं, हे ठरलं.

सामान आवरत असताना शेजारच्या होडीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, त्याचा पाइप घेऊन आला. त्याच सिरिंजने पाहिलं, हवा दोन्हीकडून मोकळी गेली. एक क्लिप गंजली होती, ती बदलून दिली.