ओहायोतून निघताना

ऑक्टोबर 2022. दुसऱ्या वर्षाची पहिली सेमिस्टर अर्धी झाली होती. आमच्या भूविज्ञान विभागात प्राध्यापक दोनच. त्यातले एक उन्हाळ्यात निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी नवीन माणूस येणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या आठवड्यात डीनचा ईमेल आला: जागा भरली जाणार नाही, आणि पुढच्या वर्षापासून भूविज्ञानात मेजर (म्हणजे पदवीचा मुख्य विषय) करता येणार नाही. ज्यांनी मेजर आधीच जाहीर केलाय त्यांना तो पूर्ण करू देणार, याला तिकडे ‘टीच-आउट’ म्हणतात. मेजर जाहीर करायचा असतो दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. म्हणजे मी त्यात बसत नव्हते.

मी कराडची. आमच्या आजीने 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप अंगणात उभं राहून काढलेला. तो तिने इतक्यांदा सांगितला, की जमिनीच्या पोटात काय चाललंय हे मला लहानपणापासूनच विचारावंसं वाटायचं. बारावीनंतर ओहायोतल्या एका लहान लिबरल आर्ट्स कॉलेजने मोठी शिष्यवृत्ती दिली, म्हणून 2021 साली तिथे गेले. पहिल्याच महिन्यात आमच्या बाई (तिकडे प्राध्यापकांनाही नावाने हाक मारतात, पण माझ्या मनात त्या बाईच होत्या) आम्हाला रस्त्याकडेच्या एका कटिंगपाशी घेऊन गेल्या. त्या भागातला चुनखडक सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा. हाताने नुसतं चाचपलं तरी ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यासारख्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, हाताला लागतात. मी आगाशिवच्या डोंगरावर खेळून मोठी झालेली, काळ्या कातळापलीकडे काही न पाहिलेली. आपला दख्खनचा कातळ लाव्ह्याचा, 6.6 कोटी वर्षांचा, त्यात शिंपले कुठून दिसणार? त्या दिवशी एक छोटा ब्रॅकिओपॉड मी बाईंना दाखवला. त्यांनी वहीत नोंद करून तो विभागाच्या संग्रहात ठेवला.

कॉलेज सोडायचं हे मी ठरवलं नाही, बाईंनी ठरवलं असं म्हटलं तरी चालेल. मी त्यांच्या केबिनमध्ये रडत होते. पर्यावरणशास्त्रात मेजर करते आणि इथेच राहते, असं म्हणत होते. त्या म्हणाल्या, ‘तू इथे राहिलीस तर मला फार बरं वाटेल, आणि म्हणूनच मी तुला राहा असं सांगू शकत नाही.’ मग त्यांनी एक यादी दिली. 1987 पासून लहान कॉलेजांचा एक ‘केक जिऑलॉजी कन्सॉर्शियम’ आहे, पदवीच्या मुलांना खरं संशोधन करायला मिळावं म्हणून स्थापन झालेला. कार्लटन, बेलॉइट, वूस्टर, विल्यम्स, स्मिथ ही त्यातलीच. त्या म्हणाल्या, क्रमवारी बघू नकोस, अशी नावं बघ, आणि प्रत्येक विभागाच्या पानावर किती प्राध्यापक आहेत ते मोज. चारपेक्षा कमी असले तर तीच गोष्ट पुन्हा होऊ शकते. इतका उपयोगी सल्ला मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

घरी फोन केला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, ‘अगं, काही झालं का तिथं? कुणी त्रास दिला का?’ आपल्याकडे मधेच कॉलेज बदललं म्हणजे मुलगी नापास झाली किंवा काहीतरी लपवतेय, असंच धरतात. काकूने तर बाबांना सरळ विचारलं. बाबा शाळेत गणित शिकवतात. ते एवढंच म्हणाले, ‘खर्च किती वाढतोय ते आधी काढ, बाळ. मग बोलू.’

तर खर्च. परदेशी विद्यार्थ्याने बदलीचा विचार करताना सगळ्यात आधी बघायची गोष्ट हीच. पहिल्या वर्षाला येणाऱ्या परदेशी मुलांना भरघोस मदत देणारी काही कॉलेजं बदलीने येणाऱ्यांना एक डॉलरही देत नाहीत. हे वेबसाइटवर खाली कुठेतरी एका ओळीत लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. मी नोव्हेंबरमध्ये अकरा कॉलेजांना एकच प्रश्न ईमेलने विचारला: परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्याला आर्थिक मदत मिळते का? चार ठिकाणांहून ‘हो’ आलं. अर्ज त्या चारच ठिकाणी केले. उरलेल्या सातांत माझं सगळ्यात आवडतं कॉलेज होतं. त्याचा टॅब मी बरेच दिवस बंद केला नव्हता.

सीएसएस प्रोफाइल (आर्थिक मदतीसाठी घरच्या उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा फॉर्म) भरताना बाबा आणि मी तीन रविवार व्हिडिओ कॉलवर बसलो. फॉर्म सोळा आणि आयटी रिटर्न सोपे होते. अडलं ते शेतीपाशी. आमची अडीच एकर ऊसाची जमीन सामाईक खात्यात आहे. सात-बाऱ्यावर बाबा, काका, आत्या सगळ्यांची नावं. प्रोफाइलमध्ये विचारतात, शेतीची किंमत किती, त्यावर कर्ज किती. बाजारभावाने जमिनीची किंमत लिहिली की कागदावर आम्ही श्रीमंत दिसतो, पण ती विकायचा हक्क एकट्या बाबांना नाही. शेवटी बाबांनी आपला हिस्सा लिहिला, सात-बाऱ्याचा इंग्रजी अनुवाद जोडला आणि एका पानाचं पत्र लिहिलं, सामाईक जमीन म्हणजे काय हे समजावणारं. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. वर्गात अपूर्णांक शिकवावेत तितक्या शांतपणे लिहिलंय ते.

अर्ज कॉमन अॅपवरून (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) होतो, पण ट्रान्सफरचा अर्ज वेगळा असतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका पुन्हा लागल्या. कॉलेजकडून एक रिपोर्ट लागतो, माझ्यावर कसली शिस्तभंगाची कारवाई नाही असं सांगणारा. आणि काही कॉलेजं मिड-टर्म रिपोर्ट मागतात. ज्याची मी कल्पनाच केली नव्हती ती गोष्ट हीच. चालू सेमिस्टरच्या प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकाकडे जाऊन आत्तापर्यंतची ग्रेड लिहून सही आणायची. मोठ्या विद्यापीठात ते ऑफिसचं काम असेल. आमच्या वर्गात बारा मुलं. प्रत्येक प्राध्यापकाला माझं नाव, माझं गाव, माझ्या आजीचा भूकंपही माहीत. फेब्रुवारीच्या एका आठवड्यात चौघांच्या दारात उभी राहून मी सांगितलं की मला इथून जायचंय. इतिहासाचे प्राध्यापक बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘आम्हीच तुला इथे थांबायचं कारण दिलं नाही.’ त्या वाक्याने मला आणखीच अपराधी वाटलं. लहान कॉलेजात गुपचूप निघून जाता येत नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून जावं लागतं.

निबंधात काय लिहायचं यावरून बाईंशी माझं थोडं वाजलं. मी विभाग कसा बंद झाला, किती अन्याय झाला, हे सगळं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, वाचणाऱ्याला भांडण नकोय, तुला काय शिकायचंय ते हवंय. मग मी आगाशिवचा कातळ आणि ओहायोचा चुनखडक यांच्यावर लिहिलं, आणि विभाग बंद झाल्याचं शेवटी दोन ओळींत. शिफारसपत्र बाईंनीच लिहिलं. ज्या विभागाला त्यांनी आयुष्य दिलं तो मिटत असताना, त्यातून निघून जाणाऱ्या मुलीसाठी.

1 मार्चपर्यंत चारही अर्ज गेले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन होकार आले. एकाची मदत फारच तोकडी होती. दुसरं कॉलेज विस्कॉन्सिनमधलं, तिथे वर्षाला सात हजार डॉलर कमी पडत होते. मी आणि बाबांनी पुन्हा पत्र लिहिलं, ऊसाच्या बिलाच्या तारखा आणि बाबांच्या पगाराची स्लिप जोडून. त्यांनी चार हजार वाढवले आणि कॅम्पसवर काम देऊ केलं. हे मागता येतं, हे मला आधी माहीत नव्हतं. नम्रपणे, आकड्यांसकट विचारलं तर कुणी रागावत नाही.

पण डिपॉझिट भरण्याआधी मी एका गोष्टीवर अडून बसले, आणि तुम्हीही बसा: जुन्या कॉलेजातले कुठले विषय धरणार ते लेखी द्या. वय किंवा वर्षं कुणी मोजत नाही, क्रेडिट मोजतात. माझे सोळा विषय झाले होते, प्रत्येकी चार क्रेडिट. नवीन कॉलेजात कार्लटन, लॉरेन्स, नॉक्स यांच्यासारख्या दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म. म्हणजे हिशोब बदलतो, चार सेमिस्टर क्रेडिटचे सहा होतात. सोळाही विषयांचे सिलॅबस पाठवले. उत्तर आलं, चौदा धरू. नेतृत्वाची कार्यशाळा गेली, ते योग्यच होतं. पण संख्याशास्त्रही गेलं होतं, कारण सिलॅबसमध्ये ‘एक्सेल’ हा शब्द दहा वेळा होता. मी त्या विषयातली माझी गृहपाठाची पानं स्कॅन करून पाठवली आणि आठवड्याने तो विषय परत मिळाला. एक विषय म्हणजे आमच्या घरासाठी काही लाख रुपये. सिलॅबस कधी फेकू नका, पहिल्या सेमिस्टरपासून एका फोल्डरमध्ये ठेवा. ग्रेड मात्र सोबत येत नाहीत, नुसती क्रेडिट येतात. चार सेमिस्टर घासून मिळवलेला जीपीए (ग्रेडची सरासरी) मागे राहिला आणि नवीन कॉलेजात माझी पाटी कोरी झाली.

व्हिसाचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं, फक्त एका तारखेपाशी जपावं लागलं. एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसावर) असताना कॉलेज बदललं की सेविसमधली, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदप्रणालीतली, नोंद जुन्या कॉलेजकडून नव्याकडे सोडावी लागते. ती कोणत्या दिवशी सोडायची हे विद्यार्थी आणि परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस मिळून ठरवतात. सेविसचा क्रमांक तोच राहतो, फी पुन्हा भरावी लागत नाही, पासपोर्टवरचा व्हिसा मुदतीत असेल तर जुन्या कॉलेजच्या नावाचाही चालतो. पण नोंद सुटल्याशिवाय नवीन आय-20 (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रवेशाचं कागदपत्र) मिळत नाही, आणि नोंद सुटली की जुन्या कॉलेजच्या कॅम्पसवर काम करता येत नाही. मला घरी जायचं असतं तर नोंद लवकर सोडून, नवीन आय-20 हातात घेऊनच परत यावं लागलं असतं. दुसरीकडे उन्हाळ्यात विभागाचा दगडांचा संग्रह सूचीबद्ध करायचं काम बाईंनी देऊ केलं होतं, आणि त्या पैशांची गरज होती. तारीख 31 जुलै ठरवली. दोन वर्षं घरी गेले नव्हते, आणखी एक वर्ष गेले नाही. फोनवर आई काही बोलली नाही, फक्त गणपतीला व्हिडिओ कॉल लावून मोबाईल मखरासमोर ठेवला.

नवीन कॉलेजात पहिली टर्म एकटीची गेली. तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे गट कधीच जमलेले असतात, आणि दहा आठवड्यांची टर्म म्हणजे ओळख होईपर्यंत परीक्षा. खनिजशास्त्र हा पाया असलेला विषय एक वर्षाआड असायचा, तो नेमका त्या वर्षी होता म्हणून वाचले. डिपॉझिट भरण्यापूर्वी हेही विचारायला हवं होतं, मी विचारलं नव्हतं. विभागात पाच प्राध्यापक आहेत. पहिल्या दिवशी मी ते पुन्हा मोजले.

पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातलं 1868 सालचं वेल्स कॉलेज आणि अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न ही दोन कॉलेजं पूर्णच बंद झाली. वेल्सच्या मुलांना एप्रिलच्या शेवटी कळलं आणि मे महिन्यात कॉलेज संपलं. मला दहा महिने मिळाले होते आणि सही करायला बाई होत्या. त्या बातमीच्या दिवशी मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी विभागाची खोलीही जाणार आहे, संग्रहाचं काय करायचं ते कळत नाही.

मे 2025 मध्ये आमच्या एका प्राध्यापकांनी कॉलेजची व्हॅन काढली आणि तो संग्रह आणायला आम्ही दोघं ओहायोला गेलो. चाळीस ड्रॉवर होते. प्रत्येक दगडाखाली बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी: कुठे, कधी, कुणाला सापडला. बाई एकेक ड्रॉवर उचलून हातात देत होत्या. मी उन्हाळाभर त्यांची सूची केली होती, तरी माझा ब्रॅकिओपॉड कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे त्यांनाच पाठ होतं. चिठ्ठीवर माझं नाव होतं, आणि त्यापुढे ‘कराड’. तो ड्रॉवर मागे ठेवला नाही. विस्कॉन्सिनपर्यंत तो माझ्या मांडीवर होता.