ड्रम सँडरची धूळ आणि उदबत्तीचा धूर

गेल्या जुलैत मामांचा खोकला थांबेना, तेव्हा मी ड्रम सँडर, म्हणजे सँडपेपर गुंडाळलेला ड्रम फिरवून फळ्या घासणारं मशीन, बंद केला. मामा आमचे जुने मिस्त्री. बाहेर पावसाची झोड, उद्यमनगरातल्या आमच्या शेडचं शटर अर्धं ओढलेलं, आणि आत सागवानाची भुकटी तरंगत होती. शेजारी धूळ ओढून घेणारा २ एचपीचा डस्ट कलेक्टर पूर्ण जोरात चालू असताना ही गत! फळी मागून बाहेर यायची ती भुकटीचा थर घेऊन. १२० नंबरचा पेपर लगेच बुजायचा आणि देव्हाऱ्याच्या फळ्यांवर जळाल्याच्या काळ्या रेघा उठायच्या.

रेघा पुन्हा घासून काढता येतात, छातीचं तसं नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलंय. सागवानाच्या धुळीनं अंगाला खाज सुटते ती वेगळीच.

माझ्या मनात आलं, कलेक्टर कमी पडतोय, ३ एचपीचा घेऊ. पैसे मोजायच्या आधी पत्र्याचं काम करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी ड्रमवरचं झाकण उघडलं, आत हात फिरवला आणि म्हणाले, "वारं आत यायला वाटच ठेवली न्हाईसा की! मशीन ओढणार काय?"

खरंच होतं. धूळ बाहेर येऊ नये म्हणून मीच झाकणाच्या सगळ्या फटी फोमनं बुजवल्या होत्या. त्यामुळे पाइपमधून हवा वाहतच नव्हती. ड्रम लाकडाच्या चालीच्या उलट फिरतो, भुकटी पुढच्या बाजूला फेकतो. ती तिथं ओढली गेली नाही की ड्रमबरोबर वरून फिरून मागे फळीवर सांडते.

पहिल्यांदा पुढचा फोम काढला. मग मशीन नीट झाडून, ड्रम बंद ठेवून, नुसता कलेक्टर चालू करून झाकणाच्या कडेनं उदबत्ती फिरवली. (भुकटी पडलेली असताना हे अजिबात करू नका.) मधोमध धूर सर्रकन आत जात होता, पण २४ इंची ड्रमच्या दोन्ही टोकांना जागेवरच घोटाळत होता. झाकणाला मधोमध एकच चार इंची तोंड, मग दुसरं काय होणार?

काकांनी नवं झाकण बनवलं, त्याला चार इंची दोन तोंडं, दोन्ही टोकांकडे. मागच्या बाजूला, ड्रमपासून ५ मिमीवर ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. ड्रमबरोबर फिरणारी भुकटी ती अडवते. लोखंडी पट्टी मुद्दाम टाळली. चुकून ड्रमला लागली तर ठिणगी उडायची, आणि ती थेट कलेक्टरच्या भुकटीनं भरलेल्या पिशवीत. याच भीतीनं वाड्याच्या जुन्या सागवानात राहिलेले खिळे मामा आधी लोहचुंबकानं शोधतात.

सगळ्यात मोठा फरक पाइपनं पडला. आधी वीस फूट वळ्यांचा चार इंची लवचीक पाइप होता. त्या प्रत्येक वळीला हवा अडते. कलेक्टरचं मूळ तोंड सहा इंची निघालं, आम्ही त्यावरच्या दुतोंडी नळीचं एक तोंड बंद करून चालवत होतो! ती नळी काढली, सहा इंची गुळगुळीत पीव्हीसी टाकला आणि काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन जोडले. लवचीक पाइप फक्त मशीनजवळ, झाकणापर्यंतचे दोन तुकडे. सहा इंचीचं क्षेत्रफळ चार इंचीच्या सव्वादोन पट, म्हणून झाकणाची दोन तोंडं मिळून त्याला जवळपास पुरतात.

आता फळीवरून बोट फिरवलं तर क्वचितच काही लागतं. पेपर बराच जास्त टिकतो, रेघा गेल्या. कापडी पिशवीतून बारीक धूळ शेडमध्येच परत येत होती, म्हणून तिच्या जागी कार्ट्रिज फिल्टर, म्हणजे बारीक धूळ अडवणारा घड्यांचा फिल्टर, बसवला. खालची पिशवी रिकामी करताना मात्र मामांना मी मास्क लावायलाच लावतो. ते कुरकुरतात, "दादा, पाच मिनिटांचं तर काम." पण सगळ्यात बारीक धूळ त्या पाच मिनिटांतच उडते.