बदामी की पीच? हॉलचा रंग ठरवताना

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या हॉलला पश्चिमेची एकच मोठी खिडकी आहे आणि खाली कोटा फरशी. शेवटी दोन रंग उरले: पिवळसर बदामी आणि फिकट पीच. शेडकार्डावर दोन्ही उबदारच दिसतात. बदामीत हिरवट झाक आहे का, पीचमध्ये गुलाबी किती, हे कार्ड पांढऱ्याशुभ्र कागदाशेजारी धरल्यावर कळतं.

नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू नये. आमचा जुना रंग पिस्ता. त्याच्या शेजारी कुठलाही पीच आहे त्याहून गुलाबीच दिसणार. म्हणून २ बाय २ फुटांच्या हार्डबोर्डवर प्राइमर आणि त्यावर ४ तासांच्या अंतराने दोन हात दिले, कडेने पांढरी पट्टी राखून. एका हातात प्राइमर खालून डोकावतो. शिवाय इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, वाळल्यावर किंचित गडद होतं, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत मत बनवू नये. बोर्ड भिंतीभिंतीला फिरवता येतो, पण तो उभाच धरायचा. आडव्या बोर्डवर उजेड वेगळा पडतो.

खरा निकाल फरशीने दिला. कोट्याची करडी-हिरवट झाक खालून भिंतीवर येते. सकाळी, ऊन आत नसताना, जमिनीलगतचा बदामी चक्क शेवाळी वाटायला लागला. पीचमधला तांबूसपणा त्याच हिरवटपणाला मारतो, आणि रंग शांत, मातकट होतो. दुपारी चारनंतर मात्र बाजू उलटते: उन्हात बदामी सुरेख सोनेरी होतो, पीच नारिंगीकडे झुकतो. पण ते ऊन तास-दीड तासाचं, आणि हॉल वापरात असतो सकाळ-संध्याकाळ. माझ्या मते निर्णय वापराच्या वेळेवरच घ्यावा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत पीच निस्तेज पडला, ३००० केल्विनच्या पिवळसर उजेडात खुलला. दिवे बदलायचे असतील तर रंग ठरवण्याआधी बदला.

पीच ठरला, पण नमुन्यापेक्षा एक पायरी फिकट. चारही भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे पूर्ण खोलीत तो बोर्डपेक्षा गडद दिसतो. पश्चिमेचं ऊन पडणाऱ्या भिंतीसाठी दुकानात विचारून लाल-पिवळ्या ऑक्साइडवर (लोहाच्या खनिज रंगद्रव्यावर) बनलेली छटाच घेतली. ती उन्हाला टिकते, तर काही भडक सेंद्रिय पिवळे रंग उडतात.

१२ बाय १४ चा हॉल, उंची १० फूट: ५२० चौरस फुटांतून दारं-खिडकी वजा जाता साधारण ४६०. दोन हातांना लिटरमागे १२० चौरस फूट धरले तर ४ लिटर जेमतेम पुरतो, म्हणून १ लिटरचा डबा जास्तीचा. दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर प्रत्येक डबा वेगळा बनतो आणि छटेत बारीक फरक राहू शकतो. रंगाऱ्याला सांगून दोन्ही डबे आधी एकाच बादलीत ढवळून घ्यावेत, नाहीतर भिंतीच्या मध्यावर जोड दिसतो.