स्टुटगार्टचं भाड्याचं गॅरेज आणि नाना पेठेतला नमुना

मी जर्मनीत, स्टुटगार्टला राहते. सुट्टीला पुण्यात आले की नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. तिकडे थंडी किती, घरभाडं किती, आणि हल्ली तिसरा म्हणजे तू खरंच गाडी स्वतः दुरुस्त करतेस का. आईने हे सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलंय, त्यात कौतुक किती आणि काळजी किती ते मला अजून कळलेलं नाही. आत्याने तर सरळच विचारलं, "अगं, इंजिनिअर ना तू? मग गाडीखाली कशाला झोपतेस?" म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं, पुढच्या वेळी कोणी विचारलं की लिंक पाठवता येईल.

तर पहिलं कारण अर्थातच पैसे. जर्मनीत गॅरेजची मजुरी तासावर असते, साध्या गॅरेजात तासाला शंभर युरोच्या आसपास आणि कंपनीच्या शोरूमला गेलात तर दीडशे-दोनशे. माझी गाडी २०११ची पेट्रोल हॅचबॅक, विकायला काढली तर तीनेक हजार युरो आले तरी देव पावला. आता अशा गाडीच्या पुढच्या ब्रेक पॅड आणि डिस्कला (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, पॅड तिला दाबून गाडी थांबवतात) कोणी साडेचारशे युरो सांगितले की माणूस विचारात पडतोच ना, कारण तेच पार्ट चांगल्या कंपनीचे घेतले तरी ऑनलाइन शंभर-सव्वाशेत येतात. कोथरूडात हा प्रश्नच येत नाही, गॅरेजवाले काका पॅड बदलायला जी मजुरी घेतात त्यात तिकडे पिझ्झा पण येणार नाही. त्यामुळे इथे कोणी स्वतः करत नाही म्हणजे लोक आळशी आहेत असं अजिबात नाही, गणितच वेगळं आहे.

पण पैसे वाचवायचे म्हटलं तरी करायचं कुठे? मी राहते फ्लॅटमध्ये. रस्त्यावर किंवा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ऑईल चेंज करायचा नाही, जमिनीत तेल गेलं तर दंड. बऱ्याच गावांत दारात गाडी धुवायला पण बंदी आहे, आणि रविवारी ठोकाठोक केली तर शेजारच्या आजी बेल वाजवायच्या आधी बहुतेक पोलिसांनाच फोन करतील. यावर जर्मन लोकांनी काढलेला उपाय मला जाम आवडतो, भाड्याचं गॅरेज! मोठी शेड असते, आत पाच-सहा लिफ्ट, तासाला वीसेक युरो द्यायचे, आपली गाडी लिफ्टवर चढवायची आणि आपणच उघडायची. पान्यांची ट्रॉली मिळते, जुनं ऑईल ओतायला टाकी असते, हात धुवायला ती वाळूसारखी खरखरीत साबणाची पेस्ट पण असते. शनिवारी बुकिंग मिळणं अवघड. शेजारच्या लिफ्टवर एखादे तुर्की काका जुन्या डिझेल मर्सिडीजचा सायलेन्सर बदलत असतात, पलीकडे दोन कॉलेजची पोरं व्हिडिओ पॉज करत करत क्लचशी मारामारी करत असतात, आणि काउंटरवरचे आजोबा कॉफी घेऊन सगळीकडे फिरत असतात. ते हात लावत नाहीत, लावला तर वेगळा चार्ज, पण जाता जाता एक वाक्य टाकून जातात आणि त्या वाक्याने निम्मं काम सोपं होतं.

घड्याळ चालू असतं त्यामुळे तयारी घरून करून जायची. पार्ट मागवताना गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर दोन कोड नंबर असतात, ते वेबसाइटवर टाकले की त्याच मॉडेलला बसणारे पार्ट समोर येतात, अंदाजपंचे काही नाही. ब्रेक पॅडवर ईसीई आर ९० चा, म्हणजे युरोपातल्या सुरक्षेच्या नियमाचा, मार्क आहे ना ते बघायचं. मग काम तसं सरळ आहे. चाक काढा, कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचे, बोल्ट सोडा, कॅलिपर तारेने टांगून ठेवा (ब्रेक ऑईलच्या नळीवर लोंबकळत सोडायचा नाही, नळी खराब होते), हबवरचा (डिस्क बसते तो भाग) गंज तारेच्या ब्रशने घासून काढा नाहीतर नवीन डिस्क सपाट बसत नाही आणि नंतर ब्रेक मारला की पेडल थरथरतं. नवे पॅड जाड असतात म्हणून कॅलिपरमधला पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) आत दाबावा लागतो, तो दाबताना ब्रेक ऑईल उलट वर डब्यात येतं, डबा भरलेला असेल तर उतू जातं आणि ते ऑईल पेंट खातं. आणि सगळं झाल्यावर, गाडी हलवायच्या आधी, पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचं. हे विसरलं तर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पाय थेट तळाला जातो. आजोबा हे प्रत्येकाला सांगतात, आधी दहा वेळा सांगितलं असलं तरी.

ऑईल चेंजचं पण तसंच, सोपंय. ऑईल गरम असताना काढायचं, ज्यातून ते काढतात त्या खालच्या बुचाचा वॉशर नवीन टाकायचा, बूच हाताने आटे लागेपर्यंत फिरवायचं आणि मगच पाना लावायचा. जुन्या ऑईलसाठी तिकडे कायदाच आहे, ज्याने नवीन ऑईल विकलं त्याने तेवढंच जुनं फुकट परत घेतलं पाहिजे, फक्त पावती जपून ठेवायची. हा नियम पुण्यात आला तर मला फार आवडेल.

आता कोणी म्हणेल असं घरगुती दुरुस्त केलेल्या गाड्या रस्त्यावर येतात म्हणजे धोकाच की. तर नाही, कारण वर बसलाय ट्यूफ, गाड्यांची सक्तीची तपासणी करणारी संस्था. नवीन गाडी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणीला न्यायची, दीडशे युरोच्या आसपास फी, धुराची टेस्ट त्यातच. पास झालात की मागच्या नंबरप्लेटवर गोल स्टिकर लावतात, मधला आकडा वर्ष आणि सगळ्यात वर येईल तो आकडा महिना, दर वर्षीचा रंग वेगळा म्हणजे पोलिसाला लांबूनच कळतं तुमची तारीख उलटलीय का. तपासणारा माणूस टॉर्च आणि लोखंडी कांब घेऊन गाडीखाली जातो आणि प्रत्येक जॉइंट हलवून बघतो. मोठा दोष निघाला तर स्टिकर नाही, एक महिन्यात दुरुस्त करून परत आणा. माझ्या गाडीत मागे एकदा दोन गोष्टी निघाल्या, पुढचा लिंक रॉड (सस्पेन्शनमधला छोटा दांडा) ढिला आणि मागच्या ब्रेकच्या पाइपवर गंज. तिकडे बर्फात रस्त्यावर मीठ टाकतात, ते मीठ खालून सगळं लोखंड खातं, पुण्याच्या गाड्यांना हा रोग फारसा नाही. लिंक रॉड मी स्वतः बदलला, ब्रेकचा पाइप गॅरेजला दिला. काय आपण करायचं आणि काय नाही याची माझी रेघ तिथे आहे. पॅड, डिस्क, फिल्टर, प्लग, बॅटरी चालेल. ब्रेकचे पाइप, एअरबॅग आणि सस्पेन्शनची स्प्रिंग दाबायचं काम नाही, स्प्रिंग सुटली तर जीव जाईल.

आणि गाडी जुनी झाली म्हणून तिकडे कोणी नाक मुरडत नाही. ३० वर्षं झाली आणि गाडी मूळ स्थितीत, चांगली ठेवलेली असली की नंबरच्या शेवटी एच लागतो, ऐतिहासिक म्हणून, आणि टॅक्स सरसकट वर्षाला १९१ युरो आणि वर काही सेंट. इथे बाबांच्या वॅगन आरला १५ वर्षं झाली तेव्हापासून लोक विचारतायत काढत का नाही. २०२२च्या एप्रिलपासून १५ वर्षांवरच्या कारच्या री-रजिस्ट्रेशनची फी ६०० वरून ५००० झाली, तो इशाराच आहे म्हणा. मला वाटतं वय बघण्यापेक्षा खाली जाऊन कांबेने हलवून बघणारा माणूस नेमावा, पण माझं कोण ऐकतंय.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सेम टू सेम निघाली. पुण्यात पार्किंगमधले उंदीर वायरी खातात आणि लोक बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या नाहीतर डांबराच्या गोळ्या ठेवतात. मला वाटायचं हे फक्त आपल्याकडेच. तर जर्मनीत मार्टेन नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी आहे, तो रात्री इंजिनात शिरून प्लगच्या वायरी आणि रबरी नळ्या कुरतडतो, इन्शुरन्समध्ये त्याच्या चाव्याचं वेगळं कलम असतं! आणि उपाय काय तर संडासात अडकवायची वासाची वडी इंजिनात टांगायची, कुत्र्याचे केस पिशवीत भरून ठेवायचे. मर्सिडीज, पोर्श, बॉश सगळ्यांच्या गावचे लोक कुत्र्याचे केस गोळा करतायत हे बघून मला फार बरं वाटलं.

आत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र स्टुटगार्टपासून तासाभरावर आहे, फोर्झहाइमला. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ बाई नवऱ्याला न सांगता त्यानेच बनवलेली मोटार आणि दोन पोरं घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या, शंभरेक किलोमीटर, तोवर एवढं लांब मोटारीने कोणी गेलेलंच नव्हतं. वाटेत इंधनाची नळी चोंदली ती त्यांनी हॅटच्या पिनने मोकळी केली. इग्निशनची वायर उघडी पडली तिला स्टॉकिंगच्या इलॅस्टिकचं इन्सुलेशन. इंधन संपलं तर वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून कपडे साफ करायचं लिग्रोइन विकत घेतलं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चप्पल-बूट शिवणाऱ्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं, म्हणजे ब्रेक लायनर तिथे जन्माला आला. मोटारीतून पहिला लांबचा प्रवास केला तोही बाईने आणि वाटेतली दुरुस्ती केली तीही तिनेच, तर आत्या, मी फार काही वेगळं करत नाहीये.

एवढं सगळं शिकून पुण्यात आले तर इथे माझा थोडा माज उतरला, आणि ते बरं झालं. वॅगन आरची बॅटरी चार्ज होत नव्हती. मी मल्टिमीटर लावला, इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज १२च्या आसपासच, खरं तर १४च्या जवळ पाहिजे, म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा पार्ट, गेला. तिकडे असते तर अख्खा अल्टरनेटर मागवला असता. नाना पेठेत, गाड्यांच्या पार्टच्या बाजारात गेलो, बाबा जुना पार्ट पिशवीत घालून बरोबर घेऊन, कारण इथे कोड नंबर वगैरे काही नाही, नमुना काउंटरवर ठेवायचा. दुकानदाराने तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, "ताई, नवा देतो की, ओरिजिनल पण आहे, लोकल पण आहे. पण कार्बन गेले असतील, आधी वायरमनला दाखवा." स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः परत पाठवलं! पलीकडच्या गल्लीत ऑटो इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासात तो खोलला, झिजलेले कार्बन ब्रश (आत घासत वीज पोचवणारे छोटे तुकडे) बदलले, एक बेअरिंग आवाज करत होतं ते बदललं, टेबलावर फिरवून दाखवला आणि आमचं बिल जर्मनीतल्या एका वायपर ब्लेडपेक्षा कमी झालं.

मी जे करते त्यात पार्ट बदलणं आहे, हा माणूस पार्ट दुरुस्त करतो. माझ्या भाड्याच्या गॅरेजात अल्टरनेटर उघडलेला मी कधी बघितला नाही. अर्थात तिकडेही जुना पार्ट फेकत नाहीत, नवीन घेताना डिपॉझिट भरावं लागतं, जुना परत दिला की ते मिळतं आणि तो फॅक्टरीत रिकंडिशन होऊन पुन्हा विकला जातो. पण गल्लीतल्या माणसाच्या हातात ती कला राहिलेली नाही, मजुरी परवडतच नाही. आपल्याकडे ती आहे, आणि नव्या गाड्यांत सगळं सीलबंद येत असल्यामुळे इथेही किती दिवस राहील शंकाच आहे.

एका बाबतीत मात्र मी भांडते आणि भांडणार. आमच्या कोथरूडच्या गॅरेजमधला पोऱ्या नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरतो. जॅक हा उचलायला असतो, गाडी पेलून धरायला नसतो, ऑईल सील गेलं की क्षणात खाली बसतो. दोन जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणारे लोखंडी पाय, बोहरी आळीत सहज मिळतात, मी आणून दिले. काकांनी ठेवून घेतले, वापरतायत का ते बाबा जाता-येता बघतात.

दुसरं म्हणजे चाकाचे नट. टायरवाले हवेच्या गनने असे आवळतात की घाटात पंक्चर झालं तर पान्यावर उभं राहून पण सुटत नाहीत. तिकडे वर्षातून दोनदा विंटरचे टायर घाला-काढा असतंच, म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक् करणारा पाना, घरोघरी. माझ्या गाडीला १२० न्यूटन मीटर (आवळायच्या जोराचं माप), बाबांच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्याहून कमी दिलंय, आकडा लावायचा, नट समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळायचे, टक् झालं की थांबायचं, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर परत एकदा चेक करायचं. यावेळी बाबांसाठी एक घेऊन आलेय. गॅरेजवाल्या काकांनी हातात घेतला, एक नट आवळला, टक् आवाज आला तर दचकून म्हणाले, "मोडला का हो?" मग दोनदा परत करून बघितला, मान डोलावली आणि बाबांना म्हणाले, "साहेब, हा कोणाला उसना देऊ नका, जाम नट सोडवायला वापरतील आणि वाट लावतील." एकदम बरोबर बोलले. सोडवायला साधा लांब पाना घ्यायचा. आणि बाबा, काम झालं की त्याचा आकडा फिरवून सगळ्यात खाली आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबून दाबून ढिली पडते.