मिरचीचं क्रीम मी दोनदा सुरू केलं, दुसऱ्यांदा जमलं

कॅपसायसिनचं, म्हणजे मिरचीतल्या झणझणीत द्रव्याचं क्रीम मी पहिल्यांदा सुरू केलं ते चौथ्याच दिवशी बंद केलं. जळजळ इतकी होत होती की मला वाटलं हे आपल्याला मानवतच नाहीये, ट्यूब कपाटात मागे ढकलून दिली. दुसऱ्यांदा सुरू केलं ते आठ आठवडे पूर्ण केलं आणि दुखणं खरंच कमी झालं. ट्यूब तीच होती. मधल्या काळात एवढंच झालं की हे औषध नक्की काय करतं आणि ते लावायचं कसं हे मी नीट विचारून घेतलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

दुखणं कसलं ते आधी सांगते. मला नागीण झाली होती, डाव्या बाजूला पाठीपासून बरगड्यांखालून पुढे पोटापर्यंत पट्टा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू जात नाही, नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि कधीतरी कित्येक वर्षांनी नागीण होऊन उठतो. फोड सुकले, खपल्या पडल्या, सगळे म्हणाले झालं आता बरं, पण दुखणं गेलंच नाही. तीन महिने उलटून गेले तरी कपडा नुसता घासला तरी चटका बसायचा, रात्री कुशीवर वळलं की जाग, आणि मधूनच कोणीतरी आतून सुई खुपसल्यासारखी कळ. याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. नसांच्या दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी दिवसभर गुंगी यायची, डोस वाढवायची माझी तयारी नव्हती, म्हणून डॉक्टरांनी जोडीला हे क्रीम लिहून दिलं. ०.०७५ टक्क्यांचं. सांधेदुखीसाठी सहसा ०.०२५ टक्क्यांचं देतात, नसांच्या दुखण्याला हे जास्त ताकदीचं. देण्याआधी त्यांनी सगळा पट्टा उजेडात नीट बघितला, कुठे खपली किंवा ओली जागा राहिलीय का, कारण उघड्या जखमेवर हे अजिबात लावायचं नसतं.

पहिल्या वेळी मी काय केलं तर दुखेल तेव्हा लावलं. बाम लावतो तसं. दिवसातून एकदा, कधी दोनदा, आणि दुखतंय म्हणून भरपूर. प्रत्येक वेळी आग आग, आणि दुखणं जिथल्या तिथे. चौथ्या दिवशी संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ केली, सकाळी लावलेलं क्रीम एव्हाना उतरलंच असेल असं मला वाटत होतं, आणि पाणी अंगावर पडताक्षणी त्या पट्ट्यावर निखारे ठेवल्यासारखं झालं. मी तशीच ओली बाहेर आले आणि रडायलाच लागले. आई फोनवर म्हणाली, "अगं मग कशाला लावतेस, पुसून टाक आणि परत हात लावू नकोस त्याला." मी लगेच ऐकलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं क्रीमने काय फरक पडला, मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून समजावून सांगायला बसले, आणि ती दहा मिनिटं मला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडली असं मी मनापासून म्हणते.

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या त्वचेत ज्या बारीक नसा दुखणं आणि उष्णता मेंदूला कळवतात, त्यांच्यावर टीआरपीव्ही१ नावाचा एक रिसेप्टर असतो, म्हणजे संवेदना टिपणारं एक छोटं दार. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की तो उघडतो आणि मेंदूला निरोप जातो की भाजतंय. मिरचीतलं कॅपसायसिन त्याच रिसेप्टरला जाऊन चिकटतं, म्हणून प्रत्यक्षात काही न भाजताही भाजल्यासारखंच वाटतं. (१९९७ साली डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या टीमने हा रिसेप्टर शोधला तो मिरचीतल्या याच द्रव्याच्या मदतीने, आणि २०२१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. मला हे कळल्यावर त्या ट्यूबबद्दल एकदम आदरच वाटायला लागला.) कॅपसायसिन लावलेल्या जागी तो रिसेप्टर इतका हळवा होतो की साधं कोमट पाणीसुद्धा त्याला चटक्यासारखं वाटतं. माझ्या अंघोळीचं कोडं तिथे सुटलं.

आणि आता मुख्य गोष्ट. त्या नसेला हा मारा रोज, ठरलेल्या अंतराने, पुन्हा पुन्हा होत राहिला तर काही दिवसांनी ती थकते, निरोप पाठवणं कमी करते, त्वचेतली तिची टोकं काही काळासाठी मागे हटतात. दुखणं कमी होतं ते यामुळे. पूर्वी म्हणायचे की नसेतला सबस्टन्स पी नावाचा पदार्थ संपतो म्हणून आराम पडतो, आता टोकं निष्क्रिय होतात हे स्पष्टीकरण जास्त मानलं जातं. पण कधीतरी एकदा लावलं तर नस थकत नाही, फक्त चिडते, आणि पुढच्या वेळेपर्यंत पुन्हा ताजीतवानी होते. म्हणजे मी चार दिवस जळजळ पूर्ण सोसली होती आणि फायदा होईल असं त्यातलं काहीच केलं नव्हतं. डॉक्टरांचे शब्द होते, "तुम्ही हे दुखलं की लावायचं औषध समजलात, हे घड्याळ बघून लावायचं औषध आहे."

मग दुसऱ्यांदा सुरू केलं. दिवसातून चार वेळा, दोन वेळांमध्ये निदान चार तास, मोबाईलमध्ये अलार्म लावून. पूर्ण पट्ट्यावर एकदम नाही, पहिल्या दिवशी पोटाकडच्या एका छोट्या भागावर लावून बघितलं, पुरळ किंवा सूज आली नाही हे पाहून दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे. आणि अगदी थोडं, मटारच्या दाण्याएवढं घेऊन पातळ पसरवायचं आणि जिरेपर्यंत हलक्या हाताने चोळायचं, वर पांढरा थर दिसता कामा नये. जाड थर लावून औषध जास्त काम करत नाही, तो थर सुकून त्याची भुकटी उडते आणि नाकात गेली की शिंका आणि खोकला. हे पहिल्या वेळी मला झालं होतं आणि मी सर्दी समजत होते. बीपीच्या काही गोळ्यांनी मुळात कोरडा खोकला येतो, तशी गोळी चालू असेल तर या क्रीमने तो वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी मला आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं.

हातांची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पाठीवर माझा हात पोचत नाही, तिथे नवरा लावून द्यायचा, तो डिस्पोजेबल ग्लोव्हज घालायचा आणि काढून लगेच टाकून द्यायचा. मी पुढच्या बाजूला स्वतः बोटाने लावायचे आणि साबणाने हात धुवायचे. पाचव्या दिवशी रात्री असेच हात धुतले, अर्ध्या तासाने कॉन्टॅक्ट लेन्स काढायला बोट डोळ्याला लावलं आणि डोळा पेटला. नखाच्या आत राहिलं होतं. नवऱ्याने मला बेसिनपाशी उभं करून गार पाण्याची बारीक धार पंधरा मिनिटं डोळ्यात सोडली, मी ओरडत होते तरी थांबला नाही, आणि तेच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी डोळे दाखवून आले, सुदैवाने काही इजा नव्हती. त्या लेन्स टाकून दिल्या, कारण त्यांना लागलेलं कॅपसायसिन धुऊन निघेल याचा भरवसा नसतो. त्यानंतर मी नखं पूर्ण कापली, क्रीम सुरू असेपर्यंत चष्मा वापरला आणि स्वतः लावतानाही ग्लोव्हज घातले.

फार्मासिस्ट बाईंनी एक गोष्ट सांगितली ती खूप कामाची निघाली. कॅपसायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. नुसतं पाणी ओतलं तर ते पसरतं पण निघत नाही. म्हणून चुकून भलत्या जागी त्वचेवर लागलं तर आधी साधं खायचं तेल कापसावर घेऊन पुसायचं, मग साबण आणि गार पाणी. डोळ्याला मात्र तेल नाही, तिथे फक्त भरपूर पाणी. आणि ज्यांना हाताच्या सांध्यांवरच लावायचंय त्यांनी लगेच हात धुवायचे नाहीत, अर्धा तास राहू द्यायचं आणि मग धुवायचे, तोपर्यंत तोंडाला, डोळ्याला, कुठल्याच नाजूक जागी हात न्यायचा नाही. बाळ उचलायचं नाही.

अंघोळ मी गार ते कोमट पाण्याने करायला लागले आणि अंघोळीनंतर तासभर थांबून, अंग पूर्ण थंड आणि कोरडं झाल्यावर क्रीम. हीटिंग पॅड, शेकायची पिशवी, उन्हात बसणं, घाम येईल असा व्यायाम लावल्या-लावल्या, सगळं बंद. वरून घट्ट पट्टा बांधायचा नाही. दुसरा कुठला बाम किंवा जेल त्याच जागी लावायचं नाही. याचं कारण नुसती जळजळ वाढते इतकंच नाहीये, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मध्ये इशारा दिला होता की मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट किंवा कॅपसायसिन असलेल्या, दुकानात सहज मिळणाऱ्या अशा क्रीम आणि पॅचमुळे क्वचित का होईना पण खरोखर भाजल्याच्या केसेस झाल्यात, फोड येण्यापर्यंत. म्हणून नेहमीची जळजळ आणि खरी इजा यातला फरक मी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घेतला होता. लावल्यावर गरम वाटणं, लालसर होणं, चुणचुण आणि ते दर दिवसागणिक थोडं कमी होत जाणं, हे चालतं. फोड, सूज, साल निघणं, किंवा जळजळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतच जाणं, हे दिसलं की पुसून टाकायचं, फोड फोडायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. ज्यांची त्वचा बधिर झालीय, उदाहरणार्थ डायबेटिसमुळे पाय, त्यांना हे जाणवणारच नाही, त्यांनी रोज डोळ्यांनी बघायला हवं किंवा कोणाकडून तरी बघून घ्यायला हवं.

पहिला आठवडा कठीण गेला, ते लपवणार नाही. दुपारचं लावणं सगळ्यात नको वाटायचं. पण आठव्या-नवव्या दिवसापासून जळजळ स्पष्ट उतरली, आणि अकराव्या दिवशी प्रवासात दोन वेळा चुकल्या तर पुढच्या वेळी पुन्हा चांगलीच आग झाली, तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं मला अंगावर पटलं. दुखण्यात फरक जाणवायला तिसरा आठवडा उजाडला. एका सकाळी लक्षात आलं की रात्री मी डाव्या कुशीवर झोपले होते. आधी खरंच वाटेना, मी हाताने चाचपून बघितलं.

मधल्या काळात एका नातेवाईक बाईंनी मायेने सुचवलं की क्रीम कशाला, मिरच्या वाटून तेलात उकळ आणि तेच लाव. हे कृपया कोणीही करू नका. कुठल्या मिरचीत कॅपसायसिन किती ते आपल्याला घरी कळत नाही, आणि क्रीममध्ये ते शंभर ग्रॅमला जेमतेम ७५ मिलिग्रॅम असतं. इतक्या कमी मात्रेत ही अवस्था होते तर न मोजलेल्या काढ्याने कातडी सोलून निघेल.

आठ आठवडे झाल्यावर तपासणी झाली, दुखणं निम्म्याहून कमी होतं आणि गुंगी आणणाऱ्या त्या नसांच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी उतरवला. क्रीम थांबवलं. थांबवल्यावर नसांची टोकं हळूहळू परत वाढतात हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे पाठीकडच्या एका तळहाताएवढ्या जागी आता पुन्हा टोचायला लागलंय याचं मला पूर्वीसारखं भय वाटलं नाही. त्या जागेसाठी ते ८ टक्क्यांच्या पॅचचा विचार करतायत. तो घरी लावायचा नसतोच, क्लिनिकमध्ये डॉक्टर किंवा ट्रेनिंग घेतलेली नर्स नायट्राइल ग्लोव्हज घालून लावतात, साठ मिनिटं ठेवतात, त्या वेळात बीपी बघत राहतात, आणि पुन्हा लावायचा तर किमान तीन महिन्यांनी. साधे लॅटेक्सचे ग्लोव्हज त्याला चालत नाहीत, इतकं ते जहाल असतं. पुढच्या आठवड्यातली वेळ मिळालीय, जाताना गार पाण्याची पिशवी आणि सैल सुती कुर्ता घेऊन जाणार आहे, आणि नवऱ्याने सुट्टी टाकलीय.